वेशीबाहेरच्या श्रोत्याचे विद्यापीठ

विद्यापीठाशी सर्वसामान्य माणसाचा संबंध येतो तो मुलाच्या प्रवेशाच्या वेळी, नाहीतर निकाल लांबला म्हणजे. एरवी ज्या संस्थेचा खर्च त्याच्या करातून चालतो, तिच्या आवारात आपलेही काही काम असू शकेल ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. विद्यापीठाच्या मनालाही ती फारशी शिवते असे दिसत नाही. वास्तविक ज्याने प्रवेश-अर्ज भरलेला नाही, ज्याला परीक्षा द्यावयाची नाही आणि ज्याच्या शिक्षणाची वर्षे केव्हाच सरली आहेत, अशा माणसासाठी दार उघडे ठेवणे हे विद्यापीठाचे एक जुने आणि मान्य झालेले कर्तव्य आहे. सार्वजनिक व्याख्याने आणि अलीकडच्या काळात चित्रपटांचे खेळ ही त्या कर्तव्याची दोन ठळक रूपे होत.

या कामाला मराठीत ‘बहिःशाल शिक्षण’ असा भारदस्त शब्द आहे. शाळेच्या भिंतीबाहेरचे ते बहिःशाल. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट यांनी १८६७ साली उत्तर इंग्लंडमधील शहरांत स्त्रियांसमोर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. पुढे १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हे काम अधिकृतपणे आपले म्हणून स्वीकारले. कारखान्यात राबणाऱ्या माणसाने विद्यापीठापर्यंत येणे शक्य नसेल, तर विद्यापीठाने त्याच्यापर्यंत जावे, असा तो साधा विचार होता.

महाराष्ट्रात मात्र श्रोता आधी तयार झाला आणि विद्यापीठ त्याच्याकडे मागाहून वळले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. कचेऱ्या सुटल्यावर उपरणे सावरीत येऊन बसणारा कारकून आणि उन्हाळ्याच्या सुटीतला शिक्षक हे तिचे खरे आश्रयदाते. २१ एप्रिलपासून महिनाभर रोज एक वक्ता, हा तिचा शिरस्ता पुणेकरांच्या अंगवळणी पडला. मुंबई विद्यापीठात १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ‘विल्सन’ व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली, ती मात्र अभ्यासकांसाठी होती. पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते १९४९ साली. त्याचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे आणि बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत गावोगावच्या महाविद्यालयांत चालत आलेल्या व्याख्यानमालेलाही त्यांचेच नाव आहे. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. शाळेची दारे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी जिने आयुष्य वेचले, तिचे नाव धारण करणाऱ्या संस्थेवर तर हे कर्तव्य दुपटीने येऊन पडते.

पाहुण्या वक्त्याला बोलावणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ पुण्यातच घडून गेला आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात, गोखले हॉलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मृती व्याख्यान दिले. संस्था भारत सेवक समाजाच्या छायेत वाढलेली, नेमस्त परंपरेतली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ. वक्ता म्हणजे त्या काळच्या पुण्यातील प्रतिष्ठित वर्गाला सुखाने ऐकवेल असा नव्हे. विषय होता १९३५ च्या कायद्याने देऊ केलेले संघराज्य. संस्थानिकांना हाताशी धरून रचलेली ही योजना देशाला स्वातंत्र्याकडे नेणारी नसून त्याच्या वाटेत धोंड होणारी आहे, असे आंबेडकरांनी कलमामागून कलम उलगडत मांडले. सभेत टाळ्या मिळवण्याची ही रीत नव्हे. श्रोत्याला कायद्याचा मजकूर समजतो, त्याला तो समजलाच पाहिजे, असे गृहीत धरून केलेले ते विवेचन होते. पुढे ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि आजही राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्याला ते टाळता येत नाही. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला त्यांनी पुण्यात जे भाषण केले, त्यात गांधी आणि जिना या दोघांचीही त्यांनी गय केली नाही.

या प्रसंगांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. यजमानाने पाहुण्याशी सहमत असण्याची काही गरज नाही. किंबहुना यजमानाला मान्य असलेलेच पाहुणा बोलणार असेल, तर त्याला गाडीभाडे देऊन बोलावण्याचे प्रयोजन उरत नाही. दुसरे असे, की व्याख्यान हे लिहून, कष्टाने, श्रोत्याविषयी आदर बाळगून तयार करावयाचे असते. संध्याकाळी बोललेले सकाळी विसरले गेले, तर वक्ता आणि यजमान या दोघांनीही आपापले काम अर्धवट टाकले असे समजावे.

आता आजच्या एखाद्या विद्यापीठीय व्याख्यानाचे चित्र पाहावे. वेळ सकाळी साडेअकराची. म्हणजे नोकरदाराला, शाळामास्तराला येणे अशक्यच. सभागृहाच्या पहिल्या दोन रांगांतील खुर्च्यांवर पांढरी आच्छादने, त्या मान्यवरांसाठी. मागे कोणत्यातरी द्वितीय वर्षाच्या वर्गातून हजेरीच्या धाकाने आणून बसवलेली मुले. त्याला जुन्या मराठीत खोगीरभरती म्हणतात. वक्ता वेळेवर येतो, परंतु उद्‌घाटक यावयाचे असतात. मग दीपप्रज्वलन. मेणबत्ती विझते, ती पुन्हा पेटवली जाते. त्यानंतर स्वागत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, आणि वक्त्याचा परिचय. त्यात त्याच्या पदव्या, पुरस्कार, परदेशवाऱ्या यांची नोंद असते, पण त्याचे एखादे पुस्तक परिचय करून देणाऱ्याने वाचले असल्याचा पुरावा नसतो. अध्यक्षीय समारोपासाठी वेळ राखून ठेवायचा म्हणून वक्त्याला चिठ्ठी जाते. प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. आभारप्रदर्शनात ध्वनिवर्धकवाल्यापासून ज्ञात-अज्ञात सर्वांचे ऋण फेडले जाते. एक उल्लेख तेवढा राहून जातो. बाहेरून आपणहोऊन आलेल्या श्रोत्याचा. तो बहुधा आलेलाच नसतो. त्याला कोणी कळवलेलेच नसते.

हे सारे कशासाठी चालते, याचे उत्तर छायाचित्रकाराच्या लगबगीत मिळते. मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाच्या अहवालात ‘अतिथी व्याख्याने’ असा एक रकाना असतो. किती झाली हा आकडा त्यात भरता येतो. कोण काय बोलले आणि कोणी काय विचारले हे भरता येत नाही. अध्यापकांना दोष देऊन येथे भागणार नाही. शिकविणे, पेपर तपासणे आणि अहवाल लिहिणे या तिहेरी ओझ्याखाली दबलेल्या माणसाकडून व्याख्यानमालेची हौस बाळगण्याची अपेक्षा करावी, तर त्या कामासाठी त्याला वेळ आणि थोडासा पैसा द्यावयास हवा. बहिःशाल विभाग हा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातला सावत्र मुलगा आहे, हे सांगण्यासाठी कोणत्या समितीची आवश्यकता नाही.

जागेचाही प्रश्न आहे. मुंबई विद्यापीठाचे जुने आवार फोर्टात, कचेऱ्यांच्या गराड्यात, दोन्ही प्रमुख रेल्वे स्थानकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. कचेरी सुटल्यावर तेथे व्याख्यानाला जाऊन मग गाडी पकडणे कारकुनाला जमत असे. विद्यापीठाचा पसारा वाढल्यावर बरेचसे विभाग कलिन्याला गेले. अभ्यासाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, पण वाटेवरचा श्रोता तुटला. पुण्यात गव्हर्नरसाहेबांची गणेशखिंडीतली कोठी विद्यापीठाला मिळाली. आवार प्रशस्त, झाडी दाट. परंतु पेठांतला माणूस संध्याकाळी तेथवर जाणार कसा आणि रात्री परतणार कसा? व्याख्यान गावात, संध्याकाळी सहानंतर, मराठीत ठेवले तर विद्यापीठाची प्रतिष्ठा कमी होते असे मानण्याचे कारण नाही. वसंत व्याख्यानमालेची ती तशी कधीच कमी झाली नाही.

चित्रपट विद्यापीठात शिरला तो पुष्कळ उशिरा आणि काहीसा मागच्या दाराने. अभ्यासू माणसाने चित्रपट पाहावा, पण त्याविषयी गंभीरपणे बोलू नये, असा संकेत दीर्घकाळ होता. तो मोडण्याचे काम फिल्म सोसायट्यांनी केले. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे स्नेही यांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशातील सोसायट्यांचा महासंघ झाला. पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. आग्र्यात अर्थशास्त्र शिकविणारे सतीश बहादूर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि त्यांनी ‘चित्रपट रसास्वाद’ हा विषय उभा केला. संग्रहालयाचे पी. के. नायर डबे गोळा करीत होते, बहादूर त्या डब्यांतले काय पाहावे आणि कसे पाहावे ते शिकवीत होते. ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्यखंडाला थांबवून, मागे नेऊन ते समजावून देत. देशभरच्या महाविद्यालयांतले शिक्षक सुटीत पुण्याला येऊन ही विद्या घेऊन जात. संग्रहालयातून सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांकडे रवाना होत. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी शेतकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले, त्यामागे हेच बळ होते.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावर चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यात जो ‘जयकर बंगला’ आहे, तो याच कुलगुरू जयकरांचा. ज्यांच्या नावाने विद्यापीठ व्याख्याने देते, त्यांच्या घरात चित्रपटांचा संसार थाटला गेला. शहरात या दोन संस्थांमध्ये काही मैलांचेच अंतर. मनाने मात्र त्या पुष्कळ दूर राहिल्या आहेत. व्याख्यान आणि चित्रपट एकाच संध्याकाळी एकत्र आणले तर काय साधते, याचा विचार करून पाहावा.

उदाहरणादाखल व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ घ्यावा. तो १९३७ चा. मामाने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानण्याचेच नाकारते. शांता आपटे यांचा तो करारी चेहरा आणि केशवराव दाते यांनी उभा केलेला, हळूहळू आपल्या अपराधाची जाणीव होत जाणारा नवरा, हे पाहून प्रेक्षक आजही अस्वस्थ होतो. पण दिवे लागल्यावर कायद्याचा एखादा अध्यापक उभा राहिला, तर त्या अस्वस्थतेला दिशा मिळते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले होते. मुलगी चौदा वर्षांची असली म्हणजे नवरा साठीचा असला तरी कायद्याला त्याचे काही वाटत नसे. नीरेचे लग्न कायद्याच्या दृष्टीने बहुधा पक्केच ठरले असते! मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा आला तो १९४७ साली. ज्या जातींत रूढीने काडीमोड होता त्यांची गोष्ट निराळी. पांढरपेशा घरातल्या मुलीला मात्र १९३७ मध्ये सुटकेची वाटच नव्हती. मग कथेचा शेवट नवऱ्याच्या मृत्यूने का करावा लागला, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाचा न राहता समाजशास्त्राचा आणि कायद्याचाही होतो. प्रेक्षकांत बसलेली एखादी शिक्षिका आपल्या शाळेतून मधेच गळालेल्या मुलींची हकिगत सांगू लागली, तर त्या संध्याकाळचे सार्थक झाले. असा तास कोणत्या अभ्यासक्रमात बसतो? कोणत्याच नाही, आणि म्हणूनच तो सार्वजनिक असावयास हवा.

चित्रपटाला सोबतीचा माणूस लागतो. वक्ता श्रोत्यांचे चेहरे पाहून आपले बोलणे आवरू शकतो, उलगडू शकतो, चुकले तर दुरुस्त करू शकतो. पडदा तसे काही करीत नाही. म्हणून चित्रपट लावून आयोजक चहाला निघून गेले, तर तो खेळ आणि थिएटरातला खेळ यांत फरक राहत नाही. आधी दहा मिनिटे परिचय आणि नंतर निदान पाऊण तास चर्चा ही सोसायट्यांनी घालून दिलेली शिस्त विद्यापीठांनी उचलावी. आधीचा परिचय दहा मिनिटांवर जाऊ नये. कथा सांगून टाकणारा परिचयकर्ता हा प्रेक्षकाचा शत्रू होय.

अडचण कायद्याचीही आहे, आणि ती अनेक संयोजकांच्या ध्यानात येत नाही. व्याख्यानाला रस्त्यावरचा कोणीही येऊन बसला तरी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागत नाही. चित्रपटाचे तसे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थेला आपल्या कार्याचा भाग म्हणून चित्रपट दाखविण्याची मुभा देते; पण प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत अशी त्यात अट आहे. दार गावाला उघडले की ही मुभा संपते आणि हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे भिंतीबाहेरच्या माणसाला ज्ञान द्यावे असे बहिःशाल म्हणते, आणि त्याला चित्रपट दाखवू नये असे कायदा म्हणतो. निर्मात्याच्या उत्पन्नाचे रक्षण व्हावयास हवे यात वाद नाही. परंतु तिकीट न लावता, चर्चेसाठी, एकदाच होणाऱ्या विद्यापीठीय खेळाने कोणाचे उत्पन्न बुडते, याचा विचार संसदेने करण्यास हरकत नसावी.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), व्हेनिसला गौरवलेला ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’, ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) या साऱ्यांची ती मुदत सरून गेली आहे. प्रदर्शनाच्या प्रमाणपत्राची अट अर्थात वेगळी, आणि प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याशी व्यवहार करावा लागतो तोही वेगळा. संग्रहालयाचा कारभार २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेला असला, तरी ठेवा सार्वजनिकच आहे. ‘अयोध्येचा राजा’ ज्या कोल्हापुरात तयार झाला, तेथे १९६२ पासून विद्यापीठ आहे. त्याने आपल्या शहराचा हा इतिहास शहरातल्याच लोकांना दरवर्षी एकदा दाखवावा, यात खर्च तो कितीसा?

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? व्याख्याने आणि चित्रपट सारे हातातल्या फोनवर आयते मिळते. मिळते हे खरे, आणि आडगावच्या विद्यार्थ्याला ते मिळते याचा आनंदच मानला पाहिजे. पण फोनवरचा वक्ता प्रश्नाला उत्तर देत नाही. शिवाय तेथे माणूस पूर्वी जे आवडले त्याच्याच जातीचे पुढले पाहत जातो. नको असलेले मत शेवटपर्यंत ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. बोटाच्या एका स्पर्शाने तो सुटतो. सभागृहात शेजारच्याच्या गुडघ्यांना वळसा घालून उठावे लागते, म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिला म्हणजे कधीकधी ऐकतोही.

आणि नेमक्या याच ऐकण्याची धास्ती वाढत चालली आहे. वक्त्याच्या नावावरून दोन निवेदने आली, एक दूरध्वनी आला, की ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आहे’ अशी चिठ्ठी सभागृहाच्या दारावर लागते. पुढे ढकललेला तो दिवस पंचांगात कधी उगवत नाही. माहितीपटांच्या बाबतीत तर हे इतके नित्याचे झाले आहे की, आयोजक आधीच निरुपद्रवी विषय शोधू लागतात. निवेदने वेगवेगळ्या झेंड्यांखाली येतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्याला आज आपल्या वक्त्याची गळचेपी सलते, तो काल दुसऱ्याच्या वक्त्याविरुद्ध निवेदन घेऊन उभा होता. कुलगुरूंनी यासाठी एकच नियम करावा. निमंत्रण एकदा विभागाने दिले की ते विद्यापीठाचे झाले. ज्याला विरोध करावयाचा त्याने सभेत येऊन प्रश्न विचारावा आणि त्याच्यासाठी वेळ राखून ठेवलेला असावा. १९३९ साली गोखले हॉलच्या यजमानांनी याहून मोठे धाडस केले होते.

राहिला प्रश्न व्याख्यान टिकविण्याचा. भांडारकरांची ती सात व्याख्याने १८७७ मध्ये झाली आणि ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली १९१४ साली. सदतीस वर्षे वाट पाहावी लागली, पण मजकूर लिहून ठेवलेला होता म्हणून तो वाट पाहू शकला. आज प्रत्येक भाषणाचे चित्रमुद्रण होते आणि ते कोणाच्यातरी संगणकात, कोणत्यातरी नावाने पडून राहते. तो कर्मचारी निवृत्त झाला की ते सापडत नाही. विद्यापीठाने पाहुण्याशी पत्रव्यवहार करतानाच लेखी मजकुराची अट घालावी आणि मानधनाचा काही भाग त्यासाठी राखून ठेवावा. व्याख्यानाचा आणि त्यावर झालेल्या प्रश्नोत्तरांचा मजकूर महिन्याभरात टंकलिखित होऊन जयकर ग्रंथालयात दाखल व्हावा, त्याची एक प्रत त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जावी, आणि तो वाचावयास येणाऱ्या माणसाकडे ग्रंथपालाने विद्यापीठाचे ओळखपत्र मागू नये.